इंग्रजीतलं 'ईगर' नेमकं कुठे आणि कसं वापरायचं

नोकरीच्या अर्जात, मेलमध्ये, इंटरव्ह्यूत आपल्याकडची पोरंपोरी एक शब्द हमखास वापरतात, तो म्हणजे ईगर. आय ऍम ईगर टू लर्न, आय ऍम ईगर टू जॉइन युवर कंपनी वगैरे. शब्द चांगलाच आहे, पण त्याच्या मागेपुढे काय लावायचं तिथे घोळ होतो आणि कधी कधी तर ईगरच्या जागी दुसराच शब्द पाहिजे असतो. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यात घरी अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत मराठी, आणि बारावीनंतर एकदम सगळं इंग्रजीत, असा प्रवास करणारी इतकी हुशार मुलं आहेत की त्यांना डिक्शनरीतला 'उत्सुक' एवढा एकच शब्द सांगून मोकळं होणं मला अजिबात पटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी अर्थ बघू. ईगर म्हणजे एखादी गोष्ट करायची किंवा मिळवायची मनापासून ओढ असणं, त्यात आनंद असणं, आणि थोडी घाईपण असणं. मराठीत यासाठी आतुर हा शब्द आहे पण बोलताना आतुर कोण म्हणतं? आपण म्हणतो, कधी एकदा परीक्षा संपते असं झालंय. कधी एकदा मामाच्या गावाला जातो असं झालंय. हे जे 'कधी एकदा असं झालंय' आहे ना, तेच ईगर. माझ्या मते हीच सगळ्यात सोपी परीक्षा आहे. जे वाक्य लिहायचंय ते मनात आधी मराठीत म्हणा, त्यात 'कधी एकदा' बसत असेल तर बिनधास्त ईगर लावा, नसेल बसत तर थांबा आणि दुसरा शब्द शोधा.

आता 'उत्सुक' या शब्दामुळे गडबड कशी होते ते सांगते. मराठीत आपण उत्सुकता दोन ठिकाणी वापरतो. शेजारच्यांकडे कोण पाहुणे आले बाई, मला उत्सुकता आहे, इथेही उत्सुकता, आणि मी कामावर रुजू व्हायला उत्सुक आहे, इथेही उत्सुक. इंग्रजीत ही दोन वेगळी दुकानं आहेत. पहिल्यासाठी क्युरियस, म्हणजे जाणून घ्यायची इच्छा, आणि दुसऱ्यासाठी ईगर. 'आय ऍम ईगर अबाऊट युवर नेबर्स' असं कुणी लिहिलं तर वाचणारा गोंधळेल, तिथे क्युरियसच पाहिजे. हां, 'ईगर टू नो' चालतं, म्हणजे कधी एकदा कळतंय असं झालंय, पण मग त्यात टू नो हे जाणण्याचं क्रियापद तुम्ही स्वतः घातलेलं असतं.

ईगरच्या आसपासचे बाकीचे शब्द एका ठिकाणी उभे करून दाखवते, म्हणजे लक्षात राहतील. सारंगखेड्याची यात्रा तुम्हाला माहितीच असेल, शहादा तालुक्यात तापीच्या काठावर, एकमुखी दत्ताचं मंदिर, दत्तजयंतीला भरते आणि घोड्यांच्या बाजारासाठी लांबलांबून लोक येतात. समजा तिथे एक घोडा विकायला उभा आहे. कान पुढे ताठ केलेले, पुढचा पाय सारखा मातीत आपटतोय, दोर ताणलेला, जरा ढील दिली की पळणार. द हॉर्स इज ईगर टू रन. त्याचा मालक बाजूला उभा आहे, दुपार झाली तरी सौदा झालेला नाही, विकला गेला नाही तर परत घेऊन जायचं भाडं, चारा, सगळं डोक्यात फिरतंय. त्यालाही घोडा विकायचाच आहे पण त्याच्या इच्छेत काळजी आहे, तो अँक्शस. द ओनर इज अँक्शस अबाऊट द सेल. समोर एक लहान पोरगं वडिलांचा हात धरून विचारतंय, हा काय खातो, रात्री उभाच झोपतो का, ते क्युरियस. मालकासोबत गावाकडून आलेला एक जण आहे, त्याला कुणी म्हटलं बादलीभर पाणी आण तर तो आणतो, नाही म्हणत नाही, पण स्वतःहून उठत पण नाही, तो विलिंग. आणि गिऱ्हाईक? त्याला घोडा पहिल्या नजरेतच आवडलाय, मनातून तो पक्का ईगर आहे, पण चेहऱ्यावर काही येऊ देत नाही, घोड्याचे दात बघतो, खुरं बघतो, मान हलवतो, पुढे निघाल्यासारखं करतो. कारण बाजारात आपली घाई दिसली की भाव चढतो. ही डझन्ट वॉन्ट टू लुक ईगर.

घोड्यासकट पाच मनं, चार शब्द. यातला अँक्शस आणि ईगरचा फरक सगळ्यात महत्त्वाचा. 'आय ऍम अँक्शस टू मीट यू' हे इंग्रजीत चुकीचं नाही, डिक्शनऱ्या अँक्शसचा 'खूप इच्छा असलेला' असाही अर्थ देतात, पण वाचणाऱ्याच्या मनात आधी काळजी आणि टेन्शनच येतं. नवीन साहेबांना मेल लिहिताना तुम्हाला आनंद दाखवायचाय, मग उगाच टेन्शनचा शब्द कशाला घ्यायचा. दहावीचा निकाल उद्या आहे आणि पोटात गोळा आलाय, तिथे अँक्शस. निकाल लागला, चांगले मार्क मिळाले, कधी एकदा आजीला सांगतो असं झालंय, तिथे ईगर.

विलिंगचं पण नीट समजून घ्या कारण हा शब्द नोकरीच्या फॉर्ममध्ये येतो. 'आर यू विलिंग टू रीलोकेट?' म्हणजे दुसऱ्या शहरात जायची तयारी आहे का. इथे ते तुमची ओढ विचारत नाहीयेत, फक्त तयारी विचारतायत. 'येस, आय ऍम विलिंग टू रीलोकेट' एवढं उत्तर बस आहे. तुम्हाला खरंच पुण्याला जायचीच इच्छा असेल तर मात्र ईगर म्हणा, पण घर सोडताना मन जड असेल आणि नोकरीसाठी जायला तयार असाल तर विलिंग हाच प्रामाणिक शब्द आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

कीन हा ईगरचा सख्खा भाऊ, ब्रिटिश लोक जास्त वापरतात. ही इज कीन टू लर्न, ही इज ईगर टू लर्न, जवळपास सारखंच. फरक इतकाच की कीनच्या पुढे ऑन लागतं, शी इज कीन ऑन क्रिकेट, म्हणजे तिला क्रिकेटची आवड आहे, कायमची आवड. ईगरच्या पुढे ऑन लागत नाही. ईगर ऑन क्रिकेट असं काही नसतं. आणि कायमच्या आवडीसाठी ईगर नकोच, कारण त्यात पुढे होणाऱ्या गोष्टीची ओढ असते. मला भरीत आवडतं म्हणजे आय लाइक भरीत. थंडी पडली, शेतात वांगी भाजायला घेतली, आता कधी एकदा पानात येतं असं झालंय, मग आय ऍम ईगर टू ईट इट.

आता जोडणी. इथे माझी कळकळीची विनंती आहे की हा भाग घाईत वाचू नका, कारण ईगरच्या चुका जवळजवळ सगळ्या इथेच होतात.

ईगरच्या पुढे टू आणि क्रियापदाचं मूळ रूप. ईगर टू गो, ईगर टू स्टार्ट, ईगर टू मीट. 'ईगर टू मीटिंग' हे चूक आहे आणि ही चूक येते कुठून ते पण बघा. 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' हे वाक्य आपण सगळ्यांनी मेलमध्ये वाचलेलं असतं आणि त्यात टू नंतर मीटिंग बरोबरच आहे, कारण तिथलं टू वेगळ्या जातीचं आहे, त्याच्यापुढे नाम किंवा आयएनजीवालं रूप येतं. मग ते डोक्यात बसतं आणि ईगरलाही तसंच चिकटवलं जातं. तर लुक फॉरवर्ड टू मीटिंग, पण ईगर टू मीट. दोन्ही वाक्यं एकाखाली एक वहीत लिहा आणि मोठ्याने म्हणा, कानाला सवय झाली की हात आपोआप बरोबर लिहितो.

पुढे नाम असेल तर फॉर. ईगर फॉर न्यूज, ईगर फॉर सक्सेस, ईगर फॉर रेन. जूनमध्ये पेरणीला शेत तयार करून आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या कापूसवाल्या शेतकऱ्यासाठी द फार्मर्स आर ईगर फॉर रेन लिहायचं का? व्याकरणाने बरोबर आहे. पण मृग कोरडा गेला आणि बी मातीत पडलेलं असलं तर तिथे ईगर फार हलका पडतो, मग अँक्शस फॉर रेन किंवा सरळ डेस्परेट फॉर रेन. डेस्परेट म्हणजे अगदी जिवावर बेतलेली गरज. आपल्या माणसांबद्दल लिहिताना शब्दाचं वजन बघून लिहावं असं मला फार वाटतं.

'ईगर ऑफ' चूक, 'ईगर इन' आजच्या इंग्रजीत नको. इंटरेस्टेडला इन लागतं म्हणून ईगरलाही इन लावतात, ते सोडा.

आणि आता ती रचना जी आपल्याला शाळेत कुणी नीट सांगितली नाही. इच्छा एकाची आणि करणारा दुसरा असेल तर काय? आईला झालंय की कधी एकदा पोराला नोकरी लागते. आपली मुलं लिहितात, 'माय मदर इज ईगर दॅट आय विल गेट अ जॉब'. ऐकायला अवघडलेलं वाटतं. बरोबर असं, माय मदर इज ईगर फॉर मी टू गेट अ जॉब. ईगर, मग फॉर, मग ज्याने करायचं तो माणूस, मग टू आणि क्रियापद. द टीचर इज ईगर फॉर हर टू स्पीक. माय ग्रँडफादर इज ईगर फॉर अस टू व्हिजिट सारंगखेडा. ही रचना एकदा हातात बसली ना की तुमचं इंग्रजी एक पायरी वर गेल्यासारखं वाटतं, खरंच. दॅट वापरायचंच असेल तर 'ईगर दॅट शी शुड स्पीक' असं शुड घालून चालतं पण ते फार औपचारिक होतं.

अजून एक चूक मराठीमुळेच होते. मराठीत मला उत्सुकता 'आहे', म्हणून काही जण 'आय हॅव ईगर' लिहितात. ईगर हे विशेषण आहे, त्याला ऍम, इज, आर पाहिजे. आय ऍम ईगर, वी आर ईगर. नाम हवं असेल तर ईगरनेस, आणि ते छान वापरता येतं, इन हिज ईगरनेस टू कॅच द ट्रेन, ही लेफ्ट हिज बॅग ॲट भुसावळ स्टेशन. म्हणजे गाडी पकडायच्या नादात बॅग तिथेच राहिली. आपल्या 'नादात' ला हे किती चपखल बसतं बघा.

नामाच्या आधी पण येतं, ॲन ईगर स्टुडंट, ईगर फेसेस, ईगर आईज. स्वराने सुरू होतं म्हणून अ नाही, ॲन. जास्तकमी सांगताना मोअर ईगर, मोस्ट ईगर. माणसं, जनावरं, चेहरे, डोळे, आवाज यांना लागतं. निर्जीव वस्तूला लावू नका, 'द प्रोजेक्ट इज ईगर टू फिनिश' याला अर्थ नाही, माणसं ईगर असतात प्रोजेक्ट संपवायला.

कॉम्प्युटरवाल्या मुलांना मात्र ईगर लोडिंग भेटेल, त्यात प्रोग्राम डेटाबेसमधली मुख्य माहिती आणताना तिच्याशी जोडलेली माहितीपण लगेच सोबत आणून ठेवतो, तुम्ही मागायची वाट बघत नाही. त्याच्या उलट लेझी लोडिंग, गरज पडेल तेव्हा आणणार. तांत्रिक शब्द आहे तरी मूळ अर्थ शाबूत आहे, आधीच पुढे सरसावलेला.

ईगरली हे क्रियाविशेषण. शी ईगरली ओपन्ड द एन्व्हलप. आता मेलच्या शेवटी आपण सगळे लिहितो ते 'आय ऍम ईगरली वेटिंग फॉर युवर रिप्लाय'. व्याकरण ठीक आहे, भारतात सर्रास चालतं, पण समोरच्याला त्यात थोडा तगादा जाणवू शकतो, जणू दारात उभं राहून विचारतोय झालं का झालं का. ओळख नसलेल्या माणसाला, एचआरला, प्राध्यापकांना 'आय लुक फॉरवर्ड टू युवर रिप्लाय' लिहा, त्यात आदरही राहतो आणि अपेक्षाही कळते. ईगरली वेटिंग मित्राला, मावशीला, बहिणीला. आणि अवेट वापरलं तर त्याच्यापुढे फॉर नको, 'अवेटिंग युवर रिप्लाय' एवढंच.

टू ईगर (हा टू दोन ओ वाला, म्हणजे अति), ओव्हर-ईगर याला आपल्याकडे म्हण तयारच आहे, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. आपल्या बोलीत ळ चा य होऊन उतावया होतो तोच. पगाराची बोलणी चालू असताना 'डोन्ट सीम टू ईगर' असा सल्ला इंग्रजीत देतात, वर घोड्याच्या गिऱ्हाइकाचं सांगितलं तेच. अमेरिकन लोक अति उत्साहाने काम ओढवून घेणाऱ्याला ईगर बीव्हर म्हणतात, बीव्हर म्हणजे दातांनी झाडं पाडून ओढ्यांवर बांध घालत राहणारा प्राणी. हा वाक्प्रचार 1940 च्या दशकात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रुळला. त्यात कौतुक कमी आणि चिडवणं जास्त असू शकतं, म्हणून स्वतःच्या बायोडेटात आय ऍम ॲन ईगर बीव्हर लिहू नका. 'ईगर टू प्लीज' पण जपून, म्हणजे दुसऱ्याला खुश ठेवायला धडपडणारा, लहान मुलाबद्दल गोड वाटतं, मोठ्या माणसाबद्दल म्हटलं तर हांजी हांजी करणारा असा वास येतो.

उलट बाजूने नॉट ईगर फार कामाचं आहे. एखाद्या गोष्टीला तोंडावर नाही म्हणायचं नसेल तर 'आय ऍम नॉट ईगर टू डू इट'. करायची फारशी इच्छा नाही, एवढं सभ्यपणे कळतं.

आता अर्ज आणि इंटरव्ह्यू. 'आय ऍम ईगर टू लर्न' इतक्या जणांनी लिहिलेलं असतं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोरून ते नुसतं निघून जातं. शब्द तोच ठेवा, पण पुढे नेमकं काय ते सांगा. काय शिकायला ईगर? कशावरून? आपल्या रावेर-यावलकडच्या मुलीने फूड टेक्नॉलॉजीच्या जागेसाठी असं लिहिलं तर, 'आय ग्रू अप ऑन अ बनाना फार्म नियर रावेर, अँड आय ऍम ईगर टू लर्न हाऊ कोल्ड स्टोरेज कॅन कीप द फ्रूट फ्रेश फॉर लाँगर'. बघा, ईगर तोच, पण मागे केळीची बाग उभी राहिली, माणूस खरा वाटायला लागला. एका पानाच्या अर्जात ईगर एकदाच येऊ द्या. दुसऱ्यांदा गरज पडली तर कीन घ्या नाहीतर 'आय वुड लव्ह टू' म्हणा.

जाहिरातीत डिझायरेबल दिसेल, इच्छेच्याच घरातला शब्द, पण उलट्या दिशेचा. ईगर म्हणजे ज्याला हवंय तो, डिझायरेबल म्हणजे जे हवंसं आहे ते. भरतीच्या जाहिरातीत इसेन्शियल क्वालिफिकेशन म्हणजे असायलाच पाहिजे आणि डिझायरेबल म्हणजे असेल तर बरं. डिझायरेबल खाली तुमच्याकडे नसलेलं काही लिहिलं म्हणून अर्ज करायचं सोडू नका, चांगली चांगली मुलं इथेच मागे हटतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. आणि जुन्या सरकारी पत्रांतलं 'आय ऍम डिझायरस ऑफ अप्लाइंग' आता सोडून द्या, सरळ 'आय वुड लाइक टू अप्लाय' लिहा.

उच्चार, ई लांब, ईऽगर. इगर नाही आणि ईजर तर नाहीच, जी चा उच्चार ग. ब्रिटिश लोक शेवटचा र जवळजवळ गाळतात, अमेरिकन नीट उच्चारतात, तुम्ही र म्हटला तर काही बिघडत नाही. स्पेलिंग ई, ए, जी, ई, आर. आठवत नसेल तर व्हिनेगर आठवा, मंचुरियनच्या गाडीवर बाटलीत असतं तेच. फ्रेंचमधून आलेला शब्द, व्हिन म्हणजे वाइन आणि एग्र म्हणजे आंबट, त्या एग्रमधूनच ईगर आला. पूर्वीच्या इंग्रजीत ईगरचा अर्थ तीक्ष्ण, आंबट असाही होता, पुढे ती धार मनाच्या ओढीला लागली. फक्त व्हिनेगरच्या स्पेलिंगमध्ये जी च्या आधी नुसता ई आहे आणि शेवटी ए आर, ईगरमध्ये ई नंतर ए आणि शेवटी ई आर, हे नीट बघून घ्या.

सरावाला ही वाक्यं घ्या, आधी स्वतः लिहा, मग खाली बघा. दिवाळीला कधी एकदा घरी जातो असं झालंय. बाबांना झालंय की कधी एकदा ताईचं कॉलेज पूर्ण होतं. ऑपरेशनचं काय होईल म्हणून घरचे धास्तावलेत. रविवारी काम करायची माझी तयारी आहे. त्याला जायची फारशी इच्छा दिसत नाही.

पहिलं, आय ऍम ईगर टू गो होम फॉर दिवाळी. दुसरं, फादर इज ईगर फॉर माय सिस्टर टू फिनिश कॉलेज. तिसऱ्यात ईगर नाही, द फॅमिली इज अँक्शस अबाऊट द ऑपरेशन. चौथ्यात पण नाही, आय ऍम विलिंग टू वर्क ऑन संडेज. पाचवं, ही डझन्ट सीम ईगर टू गो. दुसऱ्या वाक्यात दॅट लिहिलं असेल तर वर फॉर मी टू गेट वाला भाग आहे तो परत एकदा वाचा आणि स्वतःच्या घरातल्या माणसांवर तशी चारपाच वाक्यं करून बघा.